जे पुस्तक छापलंच नाही

नात माझी जेवेना झाली ते उन्हाळ्याचे दिवस होते. भाकरीचा तुकडा मोडायची, वरणात बुडवायची अन् तसाच ताटात ठेवून उठायची. मी काही बोलत नव्हते. जे जेवत नाही त्याला जेव जेव म्हणून उपयोग नसतो, हे मी घरातली दोन माणसं गेली तेव्हा शिकले. ताट झाकून ठेवायचं अन् आपल्या कामाला लागायचं.

ही माझ्या लेकीची लेक. लेक गेली तेव्हा ही दहावीत होती. जावयानं वर्षाच्या आत दुसरं घर केलं, सिकंदराबादेकडं राहायला गेला अन् तिकडचाच झाला. तेव्हापासून आम्ही दोघीच, अंबरपेठेत, दोन खोल्यांत. संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाला चार चाकांची बंडी लावते अन् जवारीच्या भाकरी करून विकते. इथले लोक जोन्न रोट्टे म्हणतात. साखरेची बिमारी असलेले जास्त येतात. तव्याच्या वाफेनं माझे डोळे अर्धे गेले, पण हात अजून चालतो. त्या हातावर ही एम.ए. झाली अन् एका खाजगी कॉलेजात शिकवायला लागली. मला वाटलं, सुटलो.

कॉलेजनं सांगितलं, पीएचडी करा, नाही तर पुढं ठेवता येणार नाही. म्हणून तिनं पीएचडी धरली.

ते काय असतं ते तिनं मला लई वेळा सांगितलं. मला कळलं ते एवढंच, की शेवटी एक मोठं पुस्तक लिहायचं असतं, अन् त्याच्याआधी त्या विषयावर बाकीच्यांनी काय काय लिहून ठेवलंय ते सगळं वाचून त्याचं एक प्रकरण लिहायचं असतं. तिचं तेच प्रकरण अडलं होतं. विषय होता या शहरातल्या बंद पडलेल्या मराठी शाळांचा. तिची आई तसल्याच एका शाळेत शिकली. आता तिथं फंक्शन हॉल आहे, लग्नं लागतात. ही मात्र इंग्रजी शाळेतली. मराठी बोलते चांगली, पण वाचायला बसली की ओळीवर बोट ठेवते. मी तिसरीपर्यंत गेलेली, तीही बीदरकडच्या खेड्यात. आम्ही दोघी मिळून एक पान वाचायला बसलो की चहा थंड व्हायचा.

पीएचडीला तिला शिकवणाऱ्या मॅडम तेलुगू. कडक बाई. त्यांनी एकदा मुदत वाढवून दिली, परत एकदा दिली. या वेळी सांगितलं, पावसाळ्यात कमिटी बसणार आहे. तोवर हे प्रकरण आलं नाही तर तुझं नाव काढून टाकतील, माझ्या हातात काही नाही. नाव गेलं की कॉलेज गेलं. कॉलेज गेलं की काय, ते आम्ही दोघींनीही तोंडातून काढलं नाही.

तिच्या कॉलेजात तिच्या बाजूला बसणारी एक मैत्रीण आहे. तिनं लॅपटॉपवर एआय घालून दिलं. एक नाही, तीन. घरी येऊन हिनं मला दाखवलं. मी काठवटीत पीठ मळायले अन् ही बाजूला पाटावर बसून सांगायली.

पहिलं होतं ते गोड बोलायचं. काही विचारा, विचारता विचारता लिहायला लागायचं, पानंच्या पानं. तुमचा प्रश्न फार छान आहे म्हणायचं. मी त्याला गोड्या म्हणायला लागले. दुसरं तसं नव्हतं. ते जे कुठं तरी खरंच छापलंय तेवढंच शोधून दाखवायचं, अन् हिच्या विषयाला बहुतेक वेळा दाखवायचंच नाही. काही सापडलं नाही, एवढं लिहून गप्प. तो मुका. तिसरं चक्कीसारखं. आपण आपले कागद त्यात घालायचे, त्यानं तेवढ्यातलंच काढून द्यायचं. जवारी घातली तर जवारीचं पीठ, गहू घातले तर गव्हाचं. काही नाही घातलं तर चक्की रिकामी.

मी विचारलं, "मग यातलं कोणतं धरणार?"

"जे काम करायलंय ते."

"कोणतं करायलंय?"

"पहिलं. मुक्याला विचारलं तर म्हणतो काहीच नाही. चक्कीत घालायला माझ्याकडं काही नाही. मी काय काहीच नाही म्हणून प्रकरण लिहू, आज्जी?"

तिचं खरं होतं. मी पिठात पाणी घातलं.

मग काही दिवस बरे गेले. ही कॉलेजातून यायची, गोड्यासमोर बसायची, तो सांगायचा, ही लिहायची. कोणी कुठं शाळा काढली, कशी चालली, कोणत्या पुस्तकात काय लिहिलंय, कितव्या पानावर लिहिलंय, सगळं. मी बंडीवरून आले की मला वाचून दाखवायची. इंग्रजी होतं, पण तिच्या आवाजावरून कळायचं की काम पुढं सरकायलंय. जेवायला लागली. एक दिवस तर तव्यावरची भाकरी सरळ हातात घेऊन उभ्यानंच खाल्ली, वर मिरचीचा ठेचा. मी पाठ फिरवून उभी राहिले, तिला बघितलं तर तिचं खाणं थांबेल असं वाटलं.

प्रकरण गेलं मॅडमकडं. मॅडमचा फोन आला तेव्हा हिनं मोठ्यानं लावला, मला ऐकू यावं म्हणून.

"चॅप्टर अच्छा है अम्मा. बहुत मेहनत किया तुम." मग मॅडम म्हणाल्या, "इसमें वो मराठी बुक है ना, स्कूलों की हिस्ट्री, उसको लेके आना. कमिटी में एक सर मराठी हैं. उनको वो बुक देखना है. बहुत खुश हुए."

"हौ मॅडम," ही म्हणाली. "लाती मैं."

फोन ठेवला अन् तिचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "काय झालं? चांगलंच म्हणाल्या की."

"ते पुस्तक मी बघितलं नाही, आज्जी. गोड्यानं सांगितलं तसं लिहिलं."

"मग बघ की आता. कुठं तरी असेल."

तिनं लायब्रऱ्या पालथ्या घातल्या. कॉलेजची, युनिव्हर्सिटीची, अजून एक कुठलीशी जुनी. नाही. शेवटी तिनं गोड्यालाच विचारलं, हे पुस्तक कुठं मिळेल? तो म्हणाला, पुस्तक दुर्मिळ आहे, पण कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळण्याची चांगली शक्यता आहे. तिनं मला मराठीत सांगितलं. कोठीचं नाव ऐकून मला धीर आला. कोठी मला माहीत होती. म्हटलं, तू कॉलेज बघ, कोठीचं मी बघते.

तिनं चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव अन् लिहिणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं. मी ती पिशवीत घातली अन् रविवारी बसनं गेले.

तिथं फुटपाथवर एक म्हातारा बसतो. हिच्या शाळेची जुनी पुस्तकं मी त्याच्याकडूनच घ्यायचे. माझ्याच वयाचा असेल, किंवा थोडा मोठा. ओळखलं त्यानं.

"अम्मा, बहुत दिनां के बाद. बच्ची कैसी है?"

"डॉक्टर व्हायलीय," मी म्हटलं. "सुई टोचायची नाही, पुस्तकाची."

"माशाल्ला."

मी चिठ्ठी वाचून दाखवली. त्यानं दोनदा वाचायला लावली. मान हलवली, मागच्या ढिगाकडं बघितलं, परत मान हलवली. "मराठी की है. मिल जाती अम्मा, कायकू परेशान होते. अगले इतवार को आव."

मी घरी येऊन सांगितलं, मिळतंय. नात त्या दिवशी जेवली.

पुढच्या रविवारी गेले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटायलं. म्हातारा म्हणाला, "एक आदमी के पास है बोले अम्मा. उनो गाँव को गए. अगले हफ्ते पक्का."

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडं घरात 'नाही' हा शब्द कोणी सहसा काढत नाही. डब्यातले तांदूळ संपले तर संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही. माझ्या सासूनं मला तसं लावलं, मी लेकीला लावलं, नातीला लावलं. बंडीवर पीठ संपलं तरी गिऱ्हाइकाला मी नाही म्हणत नाही. जरा एक चक्कर मारून या, म्हणते. तो चक्कर मारून येतो तोवर मी बंडी आवरते. त्यालाही माहीत असतं, मलाही माहीत असतं. दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, एवढंच त्यात असतं. अन् हे शहर तर आमच्याहून वरचढ. इथं कोणी कोणाला नाही म्हणत नाही. दर्जी म्हणत नाही, दवाखान्यातला माणूस म्हणत नाही.

म्हणजे म्हाताऱ्यानं पहिल्या दिवशी मान हलवली तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. मी रोज जे गिऱ्हाइकाला सांगते तेच तो मला सांगायला होता. पण मला ते पुस्तक एवढं पाहिजे होतं की कळलं नाही.

तिसऱ्या रविवारी मी गेले तेव्हा त्यानं मला लांबूनच बघितलं अन् पुस्तकांवरची धूळ झटकायला लागला. मी जाऊन त्याच्या बाजूच्या खोक्यावर बसले. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

मी म्हटलं, "भाई, खरं सांगा. माझ्या लेकराचं नाव कटायलंय. पुस्तक आहे का?"

त्यानं एका पोराला चहा सांगितला. चहा आला, मी हातात धरून बसले, तेव्हा म्हणाला, "अम्मा, ये किताब मैं कभी देखाच नहीं. बाजू के सब को पूछा. कोई नहीं देखा. नामच नहीं सुने."

"मग पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं?"

"तुम धूप में आए सो. ना बोलने को जी नहीं हुआ. मैं सोंचा, दो बार आके थक जाते, छोड़ देते."

"मी थकत नाही भाई."

"हौ," तो म्हणाला. "वो तो देख लिया मैं."

मला त्याचा राग आला नाही. चहा पिऊन मी उठले. बसमध्ये जागा मिळाली नाही, उभीच आले. सगळ्या वाटेत मी मनात एकच जुळवायले होते, हिला कसं सांगायचं. तिच्या आईच्या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, अन् मला आत जाऊन लेकीला सांगायचं होतं.

घरी आले तर ही भिंतीला टेकून बसलेली. लॅपटॉप बंद. मी चपला पण काढल्या नाहीत, उंबऱ्यातूनच म्हटलं, "नाही ते पुस्तक. कुठंच नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"गेल्या आठवड्यापासून. मी यादीतली सगळी नावं मुक्याला विचारून बघितली, आज्जी. चार-दोन सोडली तर काहीच खरं नाही. काही ठिकाणी माणूस खरा आहे, पुस्तक खोटं. काही ठिकाणी पुस्तक खरं आहे, पण त्यात तसं लिहिलेलंच नाही. गोड्यानं सगळं मनानं रचलं."

"मग आज मला काहून जाऊ दिलंस?"

ती माझ्याकडं बघेना. "तू पदर खोचून निघाली होतीस. पाण्याची बाटली भरलीस. मला नाही म्हणवलं नाही."

मी तिच्या बाजूला बसले. माझ्या चपला घरात आल्या तरी ती काही म्हणाली नाही, तेव्हा मला कळलं की आता वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली नाही. आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. मी हाक मारली तर म्हणायची, मला काही नको आज्जी, झोपू दे. दुपार झाली. ऊन खिडकीतून सरकत फडताळापर्यंत आलं. मी दाराला पाठ लावून बसले. आतून पंख्याचा आवाज यायचा, बाकी काही नाही. पंख्याचा आवाज चालू आहे तोवर ठीक, असं मी स्वतःला सांगायले, अन् मग तेच उलटं वाटायला लागलं. मी दारावर हात मारत राहिले. तिनं उघडलं. डोळे सुजलेले. म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. अंघोळ कर. उकडायलंय."

ती मोरीत गेली तेव्हा मी विळीच्या पात्याच्या टोकानं दाराच्या आतल्या कडीचे स्क्रू काढले. कडी पिशवीत घालून पिठाच्या डब्यामागं ठेवली. ती बाहेर आली, दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी मी बंडी लावली नाही. पुढचे काही दिवस ती मोरीत जरी गेली तरी मी बाहेर काही तरी बोलत राहायचे, जवारीचं, गिऱ्हाइकांचं, काहीही, म्हणजे तिला उत्तर द्यावं लागायचं.

मैत्रिणीचा फोन आला. ती म्हणाली, एवढं काय त्यात, गोड्याला सांग दुसरी पुस्तकं दे म्हणून, तो देईल, नावं बदलून टाक. सगळे असंच करायलेत. तो एक मराठी सर निघाला म्हणून, नाही तर कोण बघतंय? हिनं फोन ठेवला अन् मला सांगितलं. मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

"करता येईल," ती म्हणाली. "एका संध्याकाळचं काम आहे."

मला खरं सांगायचं तर त्या वेळी वाटलं, करून टाक. लेकरू जगलं पाहिजे, मग पुस्तक खरं काय अन् खोटं काय. पण तिचं नाव कमिटीच्या पुढं परत जाणार, परत कोणी तरी म्हणणार, हे पुस्तक दाखव, अन् परत दार लागणार. दार लावायला आता कडी नव्हती, पण दारं काय घरातच असतात असं नाही.

तिनं लॅपटॉप उघडला. मग म्हणाली, "आज्जी, तुझं पूर्ण नाव सांग."

"काहून?"

"सांग तर."

मी सांगितलं. तिनं गोड्याला विचारलं, या बाईंनी मराठी शाळांवर काय काय लिहिलंय? तो लगेच सुरू झाला. ती मला वाचून सांगायली. मी म्हणे या विषयातली मोठी विदुषी. माझी तीन पुस्तकं. मी कुठल्याशा विद्यापीठात शिकवलं. मुलींच्या शिक्षणावर माझे विचार फार महत्त्वाचे.

"अजून काय म्हणायलाय?"

"तुझी भाषा सोपी आहे म्हणे."

"एवढं खरं आहे," मी म्हटलं.

ती हसली. हसता हसता रडली. मी तिला रडू दिलं. मग तिनं तेच मुक्याला विचारलं. तो म्हणाला, या नावाचं काही सापडलं नाही. चक्कीला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही दिलेल्या कागदांत या बाईंचा उल्लेख नाही.

"बघ," नात म्हणाली. "दोघांनी तुला हाकलून दिलं."

"त्यांना माहीत असेल, मी तिसरीत शाळा सोडली."

मग ती लई वेळ बोलत राहिली, मला सांगायली का स्वतःला, कळेना. गोड्याची सवय झालीय म्हणाली. त्याच्याशी बोललं की आपण हुशार आहोत असं वाटतं. मुक्याशी बोललं की आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. मी विचारलं, कोठीचा म्हातारा पण खोटंच बोलला, मग त्यात अन् यात फरक काय? ती म्हणाली, "तू उन्हात आलीस म्हणून त्याला दया आली. याला कशाचंच काही नाही, आज्जी. उत्तर द्यायचं एवढंच याला कळतं."

"मग सोड त्याला."

"सोडलं तर प्रकरण उरतच नाही. पाच-सहा पानं राहतील. कमिटी फेकून देईल."

"फेकू दे. खोटं पुस्तक मागून परत तुला रडवणार नाहीत."

तिनं गोड्या काढून टाकला, का बाजूला सारला, मला माहीत नाही. पण मुका अन् चक्की ठेवायचं ठरलं. त्याच्याआधी मॅडमना जाऊन सांगायचं होतं.

त्या दिवशी मी तिच्यासोबत युनिव्हर्सिटीत गेले. बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून एकच वाक्य पुटपुटायली, "मॅडम, वो बुक नहीं है." लहानपणी पाठांतर करायची तसं. मी बाहेर लिंबाच्या झाडाखाली बाकड्यावर बसले. पोरंपोरी यायली-जायली, हातात कॉफीचे गिलास, हसायली. मी दाराकडं बघत होते. नात बाहेर आली तेव्हा ती नीट चालायली होती, तेच मी आधी बघितलं.

"ओरडल्या का?"

"नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं." ती बाकड्यावर बसली. "म्हणाल्या, मी सरांना सांगून बसलेय पुस्तक येतंय म्हणून. म्हणाल्या, प्रकरण परत घे. कमिटीच्या दिवसापर्यंत जे खरं आहे ते आण. तिथं मी तुझ्या बाजूनं काही बोलणार नाही."

"पण आण म्हणाल्या ना?"

"आण म्हणाल्या."

आम्ही घरी आलो.

मग जे काम सुरू झालं ते काही गोड नव्हतं. मुका एखादा लेख द्यायचा, तोही दुसऱ्याच गावच्या शाळांचा, त्यातल्या दोन ओळी उपयोगाच्या. सरकारी अहवाल सापडले, त्यातही शाळांची नुसती नावं. ती ते सगळं चक्कीत घालायची, प्रश्न विचारायची, अन् चक्कीनं दिलेलं परत मूळ कागदावर जाऊन बघायची. मी म्हटलं, हिच्यावर तरी विश्वास ठेव. ती म्हणाली, चक्कीचं पीठ पण तू चाळूनच घेतेस ना. मराठीतला एक जुना लेख मिळाला, तो आम्ही दोघींनी वाचला. ती बोट ठेवायची, अडली की मी अक्षर लावायचे, मी अडले की ती.

मी दुपारी कोठीच्या मागच्या गल्ल्यांत राहणाऱ्या जुन्या मराठी घरांत जायला लागले. शाळेची काही पुस्तकं, काही छापलेलं राहिलंय का विचारायला. पहिल्या घरच्या बाई म्हणाल्या, बघून ठेवते, या परत. मी उंबऱ्यावरच थांबले. म्हटलं, "बाई, नसलं तर नाही म्हणा. मला वाईट वाटणार नाही. माझ्याकडं चकरा मारायला वेळ नाही." त्या चपापल्या. आतून त्यांचे मालक बाहेर आले, म्हणाले, "नाही हो. होतं थोडं, वाळवीनं खाल्लं." मी त्यांना नमस्कार केला अन् पुढच्या घराला गेले. असं म्हणायची मला लाज वाटायची. चाळीस वर्षं मी कोणाच्या दारात उभी राहून असं बोलले नव्हते. बहुतेक घरांत नाहीच मिळालं. घरी येऊन सांगायचे, नाही. ती लिहून घ्यायची, कुठं विचारलं अन् नाही मिळालं.

प्रकरण बारीकच झालं. सुरुवातीलाच तिनं लिहिलं की या शाळांबद्दल लिहिलेलं फार थोडं आहे, मी कुठं कुठं शोधलं अन् काय नाही सापडलं ते पुढं देत आहे. मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, हे कोणी घेईल का? "माहीत नाही," ती म्हणाली.

कमिटीच्या दिवशी मी बंडीवर होते. घरी बसवेना. आभाळ भरलेलं, गिऱ्हाईक कमी. भाकरी थापताना दोनदा फाटली, माझ्या हातून कधी फाटत नाही. ती गल्लीच्या टोकाला दिसली तेव्हा मी तिच्या पायांकडं बघितलं. नीट चालायली होती.

बंडीजवळ येऊन ती म्हणाली, "मराठी सरांनी पहिलं तेच विचारलं. ते पुस्तक कुठाय?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही सर. ते पुस्तक नाहीच. माझी चूक झाली. सर म्हणाले, मी पण शोधत होतो. दोघा जणांनी मला सांगितलं, पाहिल्यासारखं वाटतं, बघून सांगतो."

मी तवा खाली उतरवला. "नाव?"

"काढलं नाही. ही शेवटची मुदत म्हणून लिहून घेतलं माझ्याकडून. प्रकरण कमी आहे म्हणाले, वाढवून आण. मॅडमनी सही केली. माझ्याकडं बघितलं नाही."

मी तिला भाकरी दिली. तिनं उभ्यानं खाल्ली.

कॉलेजनं मात्र वाट बघितली नाही. कॉलेजच्या नवीन वर्षाला तिला बोलावलंच नाही. तिथंही कोणी नाही असं म्हणालं नाही, कळवतो म्हणाले. ती दोन आठवडे फोनकडं बघत होती, मग बघायचं सोडलं. आता सकाळी ती वाचते, लिहिते, मुक्याला विचारते. अजून पुढं काय होईल माहीत नाही. संध्याकाळी माझ्यासोबत बंडीवर उभी राहते, पैसे घेते, भाकरी बांधून देते. कडी मी अजून दाराला लावली नाही. ती पण मागत नाही.

परवा पीठ लवकर संपलं. एक माणूस आला, रोजचा, साखरेच्या बिमारीवाला. दोन रोट्टे म्हणाला. मी तोंड उघडणार होते, जरा एक चक्कर मारून या म्हणून. त्याच्याआधी नात म्हणाली, "लेवु अंकल. अयिपोयिंदि." नाही, संपलं.

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. एवढ्या वर्षांत माझ्या बंडीवर त्यानं हे ऐकलं नव्हतं. मग मान हलवली अन् पलीकडच्या कोपऱ्यावरच्या दुसऱ्या बंडीकडं गेला.

मला आत कुठं तरी लागलं. मी काठवट उलटी करून झटकली अन् आम्ही बंडी आवरायला लागलो.